संशोधन माहिती कक्ष मोडू नका : इस्पितळ प्रशासनास खुले पत्र

प्रति,
प्रशासकीय मंडळ आणि संशोधन समिती यांस

सप्रेम नमस्कार.

आपल्या इस्पितळातला संशोधन माहिती कक्ष येत्या आर्थिक वर्षापासून बंद होणार, त्याचे काम संगणक देखभालीच्या कंत्राटात घातले जाणार आणि कक्षातल्या कंत्राटी कर्मचाऱ्यांना मुदतवाढ मिळणार नाही, असे परिपत्रक आमच्या हाती आले. कारण एका ओळीत दिले आहे: संगणकाशी संबंधित सर्व सेवा एकत्र आणून खर्च कमी करणे. निर्णय घेण्याआधी कक्षातल्या कोणालाही विचारले नाही. ज्या डॉक्टरांचे अभ्यास आज चालू आहेत, त्यांनाही विचारले नाही. आम्ही रीतसर निवेदन दिले, त्याची पोच मिळाली, उत्तर आले नाही. म्हणून हे पत्र सर्वांसमोर लिहीत आहे. इस्पितळाचे नाव मुद्दाम घातलेले नाही. आपल्याला ते ठाऊक आहे, आणि हाच विचार उद्या गोव्यातल्या दुसऱ्या इस्पितळातही होऊ शकतो. तिथल्या डॉक्टरांनी आणि रुग्णांनीही हे वाचावे असे मला वाटते.

मी या कक्षात माहिती व्यवस्थापक म्हणून काम करते. इस्पितळातल्या वैद्यकीय अभ्यासांच्या नोंदी जुळवणे, तपासणे आणि सुरक्षित ठेवणे हे आमचे काम. माझी नोकरी जाणार आहे हे खरे, आणि ते लपवण्याचे कारण नाही. पण पत्र लिहायला बसवले ते दुसऱ्याच गोष्टीने.

मी मूळची काणकोणची. आमच्या तालुक्यात मूत्रपिंडाच्या विकाराचे रुग्ण वर्षानुवर्षे मोठ्या संख्येने सापडत आले आहेत. मधुमेह नाही, रक्तदाब नाही, वय फार नाही, तरी मूत्रपिंड निकामी झालेले. माझी मावशी त्यांतलीच एक. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने तिथल्या भूजलातल्या सिलिकाकडे आणि शिशाकडे बोट दाखवले, पण सगळ्यांना पटेल असे अखेरचे उत्तर अजून मिळालेले नाही. डायलिसिसच्या खाटेवर पडल्या पडल्या मावशी मला विचारते, तुमच्या संगणकात कधी सापडणार गं कारण? हा प्रश्न मी आपल्यासमोर ठेवते, कारण उत्तर सापडायचे असेल तर ते आमच्यासारख्या कक्षातल्या नोंदींतूनच सापडेल.

या आजाराची व्याख्याच पाहा. मूत्रपिंडाची गाळण्याची क्षमता मिनिटाला ६० मिलिलिटरच्या खाली, आणि तीही तीन महिन्यांहून अधिक काळ राहिली, तर विकार दीर्घकालीन मानतात. म्हणजे एका रक्ततपासणीवर भागत नाही. जानेवारीतला अहवाल आणि मे महिन्यातला अहवाल एकाच माणसाचा आहे, हे खात्रीने सांगता यायला हवे.

गोव्यात हे सोपे नाही. नाईक, कामत, प्रभुदेसाई ही आडनावे रोमन लिपीत कोणी जुन्या पोर्तुगीज वळणाने लिहितो, कोणी आजच्या. सख्ख्या भावांच्या कागदांवर दोन वेगळी स्पेलिंगे मी पाहिली आहेत. गावांचेही तेच. रुग्ण डिचोली, केपे, पेडणे, साखळी म्हणतो, आणि नोंदणीच्या खिडकीवर बसलेला नवा मुलगा ऐकू आले तसे टंकतो, किंवा बिचोलिम, क्वेपेम या वळणाने टंकतो. वयस्कर माणसांची जन्मतारीख अंदाजाची असते, १ जानेवारी नाहीतर १ जून. लग्न झालेल्या बाईच्या आधारकार्डावर माहेरचे नाव, केसपेपरवर सासरचे. सिंधुदुर्गातून किंवा कारवारकडून आलेला रुग्ण पत्ता म्हणून म्हापशातल्या नाहीतर मडगावातल्या नातेवाइकाचे घर सांगतो. संगणक यांतल्या पुष्कळशा जोड्या लावून देतो. पण उरलेल्या जोड्या, ज्यांत एकाच माणसाची दोन माणसे झालेली असतात किंवा सारख्या नावाच्या दोघांचा एकच झालेला असतो, त्या कोणीतरी केसपेपर उघडून, आरोग्य केंद्रातल्या नर्सबाईंना फोन करून सोडवाव्या लागतात. आमचा निम्म्याहून अधिक वेळ या कामात जातो. नव्या कंत्राटाचा मसुदा मी वाचला. त्यात या कामाचा उल्लेख नाही.

माझी पहिली तक्रार हीच आहे. आपण दोन वेगळ्या कामांना एकच काम समजलात. देखभालीचे कंत्राट तक्रारींवर चालते: तक्रार आली, किती तासांत मिटवली, त्यावर देयक. बंद पडलेला प्रिंटर कोणाच्याही लक्षात येतो. चुकीची नोंद लक्षात येत नाही, ती बरोबर नोंदीसारखीच दिसते. मूत्रपिंडाचे काम कसे चालले आहे ते दाखवणारा रक्तातला घटक, क्रिएटिनिन, एका प्रयोगशाळेतून १.२ येतो आणि दुसरीकडून १०६, आणि दोन्ही आकडे एकाच स्थितीचे असतात, कारण एकके वेगळी आहेत आणि त्यांच्यात ८८.४ चा गुणक आहे. प्रश्नावलीतले ९९ म्हणजे कुठे वय, कुठे 'उत्तर दिले नाही'. ०३/०४ ही तारीख एका संगणकावर तीन एप्रिल असते, दुसऱ्यावर चार मार्च. यांतल्या एकाही गोष्टीवर कोणी तक्रार नोंदवणार नाही. फॉर्म तयार होतानाच तिथे आडकाठी घालावी लागते, आणि ती कुठे घालायची हे ठरवायला अभ्यासाचा विषय समजावा लागतो.

२०१५ मध्ये सत्तरी तालुक्यात माकडताप पसरला, तेव्हाचे उदाहरण घ्या. हा आजार जंगलातल्या गोचिडीमुळे होतो, आणि काजूच्या बागांत राबणाऱ्यांना त्याचा धोका मोठा. आपल्या नेहमीच्या फॉर्मवर रुग्णाच्या घराचा पत्ता असतो. तो दिवसभर कुठल्या बागेत होता, हे विचारणारा रकाना नसतो. अशा आजाराचा नकाशा फक्त घराच्या पत्त्यांवरून काढला, तर तो दिसायला नीट दिसेल आणि फवारणीवाले चुकीच्या वाड्यावर जातील. रकाना घालायचा की नाही, ही चर्चा डॉक्टर आणि माहिती सांभाळणारा यांच्यात पहिला रुग्ण नोंदवण्याआधी व्हावी लागते.

आणि हे फक्त गरीब किंवा छोट्या ठिकाणी घडते असे नाही. इंग्लंडमध्ये २०२० च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये कोविडच्या १५,८४१ रुग्णांच्या नोंदी राष्ट्रीय आकडेवारीतून गळल्या होत्या, कारण जुन्या पद्धतीच्या एक्सेल फाइलमध्ये ६५,५३६ ओळींपलीकडे काही बसत नाही. संगणक बंद पडले नव्हते, नेटवर्कही चालू होते. त्या रुग्णांच्या संपर्कात आलेल्यांना सावध करायला मात्र उशीर झाला.

दुसरी तक्रार वेळेची. अभ्यास आर्थिक वर्षाप्रमाणे सुरू होत नाहीत आणि ३१ मार्चला संपतही नाहीत. आज आपल्याकडे असे रुग्ण आहेत, ज्यांची शेवटची भेट अजून बाकी आहे. त्यांना आम्ही फोन करतो, आठवण देतो, न आल्यास का आले नाहीत ते लिहून ठेवतो. पावसाळ्यात सांगे-केप्याकडचा माणूस बस चुकली म्हणून येत नाही आणि शेतीची कामे लागली म्हणूनही येत नाही. या दोन कारणांचा निष्कर्षावर वेगळा परिणाम होतो.

औषधांच्या चाचण्यांत तर चालढकलीला जागाच नाही. २०१९ च्या नवीन औषधे व वैद्यकीय चाचण्या नियमांनुसार सहभागी रुग्णाला गंभीर अपाय झाला, तर मुख्य संशोधकाने तो कळल्यापासून २४ तासांत केंद्रीय औषध नियंत्रकाला, प्रायोजकाला आणि नैतिकता समितीला कळवायचा असतो. आमच्याकडच्या फॉर्ममध्ये तशी नोंद झाली की संशोधकाच्या फोनवर लगेच सूचना जाते. ही व्यवस्था कोणी बांधली, ती कुठे अडते, सूचना गेली नाही तर रात्री कोणाला उठवायचे, हे दोन-तीन माणसांना माहीत आहे. कोणत्या रुग्णाला कोणता उपचार, ही यादीसुद्धा अनेक चाचण्यांत, निष्कर्षात पूर्वग्रह येऊ नये म्हणून, उपचार करणाऱ्या डॉक्टरांपासून दूर ठेवायची असते, आणि ती आमच्याकडे असते. कंत्राटदाराचे तंत्रज्ञ दर थोड्या दिवसांनी बदलतात, आणि मसुद्यानुसार त्या प्रत्येकाला सर्व्हरवर सगळीकडे जाण्याची मुभा असेल. ही यादी त्यांतल्या कोणी उघडली, तर ते आपल्याला कळणार कसे?

तिसरी गोष्ट कायद्याची आहे, आणि इथे मी प्रशासनाला खरोखर सावध करू इच्छिते. काम कंत्राटदाराकडे दिले की जबाबदारीही गेली, असा समज परिपत्रकाच्या भाषेतून डोकावतो. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा तसे म्हणत नाही. माहितीवर प्रक्रिया दुसऱ्याने केली तरी उत्तरदायी मूळ संस्थाच राहते. संशोधनाला कायद्याने सवलत दिली आहे, पण ठरवून दिलेली मानके पाळली तरच, आणि त्या माहितीवरून त्या विशिष्ट व्यक्तीबद्दल निर्णय घ्यायचा नसेल तरच. पुरेशी सुरक्षा ठेवली नाही तर दंड २५० कोटी रुपयांपर्यंत होऊ शकतो. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. म्हणजे ज्या काळात या कामाचा माणूस सर्वांत जास्त लागणार, नेमक्या त्याच काळात आपण तो कमी करत आहात.

दिल्लीच्या एम्समध्ये २३ नोव्हेंबर २०२२ रोजी काय झाले, ते सर्वांनी वाचले आहे. सायबर हल्ल्यात पाच सर्व्हर बाधित झाले, सुमारे १.३ टेराबाइट माहिती कुलूपबंद झाली, आणि देशातल्या सर्वांत मोठ्या इस्पितळांपैकी एकात दिवसचे दिवस केसपेपर हाताने लिहावे लागले. आपल्याकडे संशोधनाच्या माहितीची राखीव प्रत मूळ सर्व्हरच्याच खोलीत ठेवली जाते. पावसाळ्यात त्या खोलीच्या छतातून पाणी झिरपते आणि वीज गेली की युपीएस फार वेळ तग धरत नाही. राखीव प्रत दुसऱ्या इमारतीत हलवावी, असे आम्ही लेखी कळवले आहे. त्यावर अजून काही झालेले नाही.

पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या प्रबंधांबद्दल थोडक्यात लिहिते. प्रत्येक निवासी डॉक्टरला प्रबंध करावा लागतो, आणि रुग्णांची माहिती त्याच्या लॅपटॉपवर, पेनड्राइव्हवर, मित्राला पाठवलेल्या व्हॉट्सॲप संदेशात राहते. यात त्या मुलांचा दोष नाही, चोवीस तासांची ड्यूटी करून ती हे काम करतात. त्यांना नीट व्यवस्था देणे संस्थेचे काम आहे. आमचा कक्ष जमेल तेवढ्यांचे फॉर्म बांधून देत होता. तेही थांबेल.

आता रुग्णाच्या बाजूने बोलते, कारण परिपत्रकात रुग्ण हा शब्द एकदाही आलेला नाही. संमतीपत्रावर सही घेताना आम्ही शेजारी असतो. सांग्याहून आलेल्या एका बाईंनी सही करण्याआधी मला विचारले, ''हे माझ्या गावात कोणाला कळणार नाही ना?'' त्यांचा आजार असा होता की गावात कळले असते तर मुलीच्या लग्नात अडचण आली असती. मी म्हटले, तुमचे नाव वेगळ्या कुलुपात राहील, तपासणीचे आकडे वेगळ्या, आणि दोन्ही किल्ल्या एकाच माणसाकडे नसतील. त्यावर त्यांनी सही केली. तो शब्द मी आपल्या वतीने, या इस्पितळाच्या वतीने दिला होता. नव्या व्यवस्थेत दोन्ही किल्ल्या एका कंत्राटदाराकडे जाणार आहेत.

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची २०१७ ची नैतिक मार्गदर्शक तत्त्वे सांगतात की सहभागी व्यक्ती कधीही माघार घेऊ शकते. उद्या त्या बाई आल्या आणि म्हणाल्या, मला यातून काढा, तर त्यांची माहिती कुठल्या फाइलमध्ये आहे, विश्लेषणासाठी कोणाला पाठवली आहे, कुठल्या राखीव प्रतीत आहे, हे कोण शोधणार? माघारीचा हक्क कागदावर द्यायचा आणि तो बजावता येईल अशी जागा ठेवायची नाही, हे मला मान्य नाही.

खर्चाचे कारण मी हलके मानत नाही. पैसे कमी आहेत, वॉर्डात नर्स कमी आहेत, औषधे वेळेवर पुरत नाहीत, हे आम्ही रोज पाहतो. पण माहिती नीट ठेवली नाही तर त्या अभ्यासावर झालेला सगळाच खर्च वाया जातो: डॉक्टरांचे तास, तपासण्यांचे पैसे, रुग्णांनी सोसलेल्या सुया. २०२० च्या जूनमध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाला कोविडच्या रुग्णांना दिल्या जाणाऱ्या हायड्रॉक्सीक्लोरोक्विन या औषधावरचा एक गाजलेला लेख मागे घ्यावा लागला. शेकडो इस्पितळांतून आल्याचे सांगितलेली मूळ माहिती स्वतंत्र तपासणाऱ्यांना पाहायला मिळेना, म्हणून. आपल्या एखाद्या अभ्यासावर उद्या कोणी प्रश्न विचारला, तर कोणती नोंद कोणी, केव्हा, का बदलली, हे दाखवणारा माग आपल्याकडे असायला हवा.

आणि गोव्याला हे जमत नाही असे कोणी म्हणू नये. १८४२ मध्ये पणजीत वैद्यकीय शाळा सुरू करणारी ही भूमी आहे, आज तिचेच गोवा वैद्यकीय महाविद्यालय (गोमेकॉ) झाले आहे. 'सांगात' या गोव्यातल्या संस्थेने आपल्या सहकाऱ्यांसह नैराश्य आणि चिंतेच्या विकारांवर जो 'मानस' अभ्यास केला, तो गोव्यातल्या २४ दवाखान्यांत आणि आरोग्य केंद्रांत झाला. त्यात २,७९६ रुग्ण होते, आणि २०१० मध्ये तो 'लॅन्सेट'मध्ये आला. डॉक्टर नसलेली, पण नीट प्रशिक्षण दिलेली माणसेही अशा रुग्णांना आधार देऊ शकतात, हे त्यातून जगाने पाहिले. इतक्या ठिकाणी पसरलेल्या, महिने चालणाऱ्या अभ्यासात प्रत्येक रुग्णाचा आधीचा आणि नंतरचा आकडा जुळलेला राहतो, तेव्हा त्यामागे कोणीतरी दिवसरात्र नोंदी तपासलेल्या असतात. त्या माणसांची नावे लेखाच्या मथळ्याखाली क्वचित येतात.

आमच्या मागण्या अशा आहेत.

परिपत्रकाला स्थगिती द्यावी. निदान चालू अभ्यासांतल्या शेवटच्या रुग्णाची शेवटची भेट होऊन नोंदी बंद होईपर्यंत तरी कक्ष आणि त्यातली माणसे आहेत तशी ठेवावीत.

कक्ष संगणक विभागाच्या हाताखाली न ठेवता संशोधन समितीच्या हाताखाली ठेवावा. प्रिंटर, केबल, नेटवर्क यांची देखभाल कंत्राटदाराने जरूर करावी, त्याला आमचा विरोध नाही. कक्षात किमान एक पद कायम असावे, म्हणजे माणूस बदलला की अभ्यासाची स्मृती जाणार नाही.

नैतिकता समितीने माहिती व्यवस्थापनाचा आराखडा आणि त्याच्या खर्चाची तरतूद पाहिल्याशिवाय कोणत्याही नव्या प्रस्तावाला मंजुरी देऊ नये. बाहेरून निधी येणाऱ्या प्रकल्पांतून कक्षाचा खर्च बऱ्याच अंशी निघू शकतो. तसा हिशेब मांडायला आम्ही तयार आहोत.

रुग्णाची ओळख सांगणारी माहिती कोण पाहू शकतो, त्यांची नावानिशी यादी असावी आणि प्रत्येक वेळी कोणी काय उघडले त्याची नोंद राहावी. कंत्राटदाराच्या माणसांना हा प्रवेश नसावा. राखीव प्रत दुसऱ्या इमारतीत जावी, आणि तिच्यातून माहिती खरोखर परत मिळते का याची ठरावीक काळाने चाचणी होऊन अहवाल समितीपुढे यावा.

प्रबंध करणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी संस्थेची एकच प्रणाली असावी. अमेरिकेतल्या व्हँडरबिल्ट विद्यापीठात २००४ मध्ये तयार झालेले रेडकॅप हे संशोधनाची माहिती गोळा करण्याचे सॉफ्टवेअर बिगरनफा सहभागी संस्थांना परवाना शुल्काशिवाय मिळते. खर्च लागतो तो सर्व्हरचा आणि ते चालवणाऱ्या माणसाचा.

सहभागी रुग्णांसाठी मराठी आणि कोकणीत एक पान छापावे: तुमची माहिती कुठे आहे, कोण पाहते, माघार घ्यायची असल्यास कोणत्या खोलीत यायचे. त्यावर फोन नंबर असावा, आणि तो उचलणारे कोणी असावे.

शेवटची मागणी भेटीची. आर्थिक वर्ष संपण्याआधी संशोधन समितीची बैठक बोलवावी. तीत चालू अभ्यासांचे मुख्य संशोधक, परिचारिकांचा एक प्रतिनिधी आणि कक्षातले आम्ही, अशा सर्वांना बसवावे. प्रत्येक अभ्यासाची आजची स्थिती, बाकी भेटी आणि अपूर्ण नोंदी यांचा तक्ता घेऊन आम्ही येऊ. बैठकीची तारीख लेखी कळवावी, ही विनंती.

आपली नम्र,
संशोधन माहिती कक्षातील एक कर्मचारी
गोवा